शेवटच्या अध्यायाची गाठ

रेल्वे क्वार्टर्स, लोणावळा
गुरुवार, ४ जुलै २०२४

काकी,

नमस्कार. हे पत्र आबांना वाचून दाखवू नकोस, हे आधीच सांगतो. मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर दिसत नाही याचा मी फायदा घेतोय. लाज वाटते, पण घेतोय.

रविवारी वर वाडीत आलो होतो तेव्हा तू विचारलंस, देवळामागं एवढा वेळ काय शोधत होतास. मी म्हणालो, करवंदं. तू हसलीस, कारण जुलैत करवंदं शोधणारा माणूस एक तर वेडा असतो नाही तर खोटारडा. मी खोटं बोललो. धारजाईच्या देवळामागच्या माळावर भेग पडली आहे. साठ पावलं लांबीची. मधोमध माझं पाऊल आत गेलं, घोट्यापर्यंत.

भेगेच्या दोन्ही बाजूंना मी बाभळीच्या खुंट्या ठोकल्यात आणि मध्ये सुतळी बांधली आहे. खुंटीपासून खुंटीपर्यंत बरोबर चोवीस इंच. माझी लोखंडी पट्टी तुझ्या चुलीमागच्या फळीवर ठेवली आहे. रोज सकाळी गोवऱ्या आणायला जातेस तेव्हा मोजायचं आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचा. खुंट्यांना हात लावायचा नाही आणि मोजून झाल्यावर तिथं उभं राहायचं नाही.

फोन करत बसू नकोस. रेंजसाठी तुला ज्या टेकाडावर चढावं लागतं ते त्या भेगेच्या पलीकडेच आहे. सरुबाई सोमवारी आणि गुरुवारी भाजी घेऊन लोणावळ्याच्या बाजाराला येते, तिच्याकडे चिठ्ठी दे. मी तिला बाजारात गाठत जाईन.

अकरा वर्षं मी घाटात रुळांवरून चालतोय. पावसाळ्यात आमचं काम म्हणजे दगडांकडे बघत राहणं. आमच्या नियमाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, शंका आली की लाल झेंडी दाखवा, गाडी थांबवा, चौकशी मागून. दगड पडल्यावर पुरावा मिळतोच, पण तो घ्यायला आपण उरत नाही.

आबा काय म्हणतील ते मला पाठ आहे. म्हणून तुला लिहितोय. मला भीती वाटते काकी.

तुझा
अमृत

---

उंबरधार
सोमवार, ८ जुलै

चि. अमृत,

आशीर्वाद. पत्र मिळालं. सरुबाईनं ते भारंगीच्या जुडीत खोचून आणलं, त्यामुळे अर्धं हिरवं झालं होतं, पण वाचता आलं. सातवी पास असण्याचा या वयात असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

आजचा आकडा साडेचोवीस. फार नाही ना?

गोठ्याचं दार गेल्या बुधवारपासून लागत नाही. कडी आणि कोंडा जमेनासे झालेत, बोटभर वर-खाली. मी म्हटलं लाकूड पावसानं फुगलं असेल. मग शेजारच्या कस्तुराबाईचंही दार लागेना. तिच्या नवऱ्यानं, रखमाजीनं, रंधा मारला. दुसऱ्या दिवशी परत लागेना.

मी आबांना भेगेचं सांगितलं. तू नको म्हणालास तरी सांगितलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्यापासून काही लपवलं नाही (साखरेचा डबा सोडून). ते देवळातच होते. म्हणाले, "येसू, आजवर कितीदा पाऊस आला? डोंगर हाललाय का? मग आता का हालंल?" आणि देवीच्या पोथीतली ती ओवी म्हणाले. तुलाही पाठ असणार.

डोंगर ही मांडी माझी । लेकरे ही सारी माझी ।
वात जोवरी जळे ताजी । ढळणे नाही ॥

धारजाईनं स्वतः सांगितलेलं आहे हे. अकराच्या अकरा घरं त्यावर निजतात. तू विचारशील खरं कशावरून. अरे, लहानपणी मी तुला सांगितलं, ही तुझी मावशी, हिच्या पाया पड. तेव्हा तू दाखला मागितलास का? पडलास ना पाया? काही गोष्टी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघून खऱ्या मानायच्या असतात.

असं मी लिहिते आहे, पण काल दुपारी भाकरी थापताना भिंतीच्या आतून आवाज आला. दगडावर दगड घासावा तसा. तवा उतरवून मी बाहेर जाऊन उभी राहिले आणि भाकरी जळली. आबांना सांगितलं मांजर होतं.

येसूकाकी

---

लोणावळा
गुरुवार, ११ जुलै

काकी,

मावशी खोटी निघाली तर फार तर लाडू बुडतो. डोंगर खोटा निघाला तर अकरा घरं बुडतील. दोन्हीला एकच माप लावू नकोस.

दारं फुगलेली नाहीत. घरांखालची जमीन सरकते आहे, म्हणून चौकटी वाकल्यात. भिंतीतला आवाजही त्याचाच. मांजर म्हणालीस, म्हणजे आता त्यांच्यापासून लपवायला लागलीस तूही.

मला आबांशी भांडायचं नाही. पण बापू, माझा बाप, गेला ती श्रावणातली तीन दिवसांची गोष्ट मी विसरू शकत नाही. मी नऊ वर्षांचा होतो. बापू तापानं फणफणला होता आणि आबा त्याच्या उशाशी पोथी वाचत होते, दमले की मला वाचायला बसवत होते, कारण पोथीत लिहिलं होतं की हे ऐकणाऱ्याचा ताप उतरतो. चौथ्या दिवशी डोलीतून खाली नेला तोवर उशीर झाला होता. पोथीतलं प्रत्येक अक्षर मला आबांनीच शिकवलं, बोरूनं गिरवून घेतलं. मी ते खरंच मानत होतो. बापूच्या वेळी मला वाटलं होतं, वाचताना माझ्याकडून एक ओवी गळली म्हणून तो गेला. मोठा होईपर्यंत मी हे कुणाला बोललो नाही. आज तुला पहिल्यांदा सांगतोय.

म्हणून मी दाखला मागतो, काकी. उद्धटपणा म्हणून नाही.

पण दाखल्यानं आबा हलणार नाहीत, आणि आबा हलल्याशिवाय वाडी हलणार नाही. मग त्यांच्याच रस्त्यानं जाऊ. पोथीचा शेवटचा अध्याय तांबड्या फडक्यात बांधलेला आहे ना? "संकटाशिवाय गाठ सोडू नये" म्हणून कुणी कधी वाचलेला नाही. आता याहून मोठं संकट कुठलं यायचं राहिलंय? सोड गाठ. आत काय आहे ते बघ. कदाचित तुमच्या देवीला आमच्या साहेबांपेक्षा जास्त अक्कल असेल आणि तिनं लिहून ठेवलं असेल, खाली जा.

रोजचा आकडा खरा पाठव.

अमृत

---

उंबरधार
सोमवार, १५ जुलै

चि. अमृत,

घाईत लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

आधी कबूल करते. गेल्या सोमवारी साडेचोवीस लिहिलं ते खोटं होतं. पंचवीस भरलं होतं. तू रागानं वर येशील आणि आबांशी वाद घालशील म्हणून अर्धा इंच मी पोटात घातला. आज सव्वीसच्या वर दोन रेघा आहे.

तू बापूचं लिहिलंस ते मी चारदा वाचलं. माझ्या लेकरा, ओवी गळली नव्हती रे. मी तिथंच बसले होते, तू सगळं नीट वाचलं होतंस.

शनिवारी दुपारी आबा दिव्याला तेल घालायला देवळात गेले. मी हातपाय धुतले, देव्हाऱ्यापुढं बसले आणि म्हटलं, आई, मी बाईमाणूस, मला हा अधिकार नाही, पण माझी मती चालत नाही. गाठ इतकी जुनी की दातानं सोडवावी लागली.

आत सात पानं आहेत. सातही कोरी.

मी उजेडात नेऊन बघितली. वाटलं शाई उडाली असेल. बोट फिरवून बघितलं, बोरूचा ओरखडासुद्धा नाही. कधी कुणी काही लिहिलेलंच नाही. अमृत, सात पिढ्या आम्ही ज्याला हळदकुंकू वाहतो त्या फडक्यात कोरे कागद आहेत. मला भेगेची भीती वाटत होती, पण ही भीती निराळीच. आपण कुणाच्या भरवशावर निजत होतो? त्या कोऱ्या पानांकडं बघताना अख्खी पोथीच कोरी दिसायला लागली.

गाठ परत बांधली. त्यांना सांगितलं नाही. सांगितलं तर ते मरतील.

आज पहाटेपासून एकच विचार डोक्यात आहे, तो लिहिते. आबांना दिसत नसल्यानं ते माझ्याकडून वाचून घेतात. दुसऱ्या कुणी बघितलं तरी बोरूचं वळण तुझं पोथीतल्यासारखंच आहे, त्यांनीच गिरवून घेतलंय. दोन कोरी पानं सरुबाईबरोबर पाठवते आहे. तूच लिही. काय लिहायचं ते तुला कळतं. मी त्यांना गाठ सोडायला लावीन आणि वाचीन. सरुबाई तुझ्या उत्तरासाठी थांबेल.

येसूकाकी

---

लोणावळा
सोमवार, १५ जुलै, दुपार

काकी,

सरुबाई पाटी रिकामी करून बसली आहे, म्हणून थोडक्यात.

नाही. हे माझ्याकडून होणार नाही. जन्मभर मी ज्याच्याशी भांडलो तेच तू मला करायला सांगतेस. लोक पुराव्याशिवाय मानतात, म्हणून त्यांच्या पुढ्यात काहीही लिहून ठेवायचं? आणि उद्या त्यातल्या एखाद्या शब्दानं कुणाचं वाईट झालं, तर कुणाला विचारायचं? देवीला?

मी उद्या रजा टाकून तहसील कचेरीत जातो. फोटो दाखवतो, आकडे दाखवतो. ते माणूस पाठवतील. जे खरं आहे ते खरं म्हणूनच लोकांना पटलं पाहिजे.

पानं माझ्याकडे आहेत. परत पाठवीन.

अमृत

---

उंबरधार
गुरुवार, १८ जुलै

अमृत,

तुझे साहेब काल आले. दोघं होते, रेनकोट घातलेले. भेग बघितली, तोंडं पांढरी पडली. सगळ्यांना देवळासमोर बोलावून नोटीस वाचली, खालच्या गावच्या शाळेत जा म्हणाले. रखमाजी म्हणाला, "सायेब, ही नोटीस दर साली येती. कागुद तोच, तारीक निराळी. आमी आबांचं बगून करू." सगळ्यांनी आबांकडं बघितलं. आबा देवळाच्या पायरीवर हात ठेवून उभे. मग म्हणाले, "दिवा जळतोय." झालं. साहेब सह्या घेऊन गेले.

आज सकाळी सुतळी तुटलेली होती. पट्टीनं मोजलं तर एकोणतीस. आणि झरा गढूळ झालाय. आपला झरा, अमृत. अतिवृष्टीतही ज्याच्या तळाचा खडा दिसायचा त्याचं पाणी चहासारखं झालंय. म्हशी तोंड लावत नाहीत.

तुझं खरं काल सगळ्यांसमोर वाचून झालं. कुणी हललं नाही. मी तुला जबरदस्ती करत नाही. पण माझ्यानं आता स्वयंपाकघरात उभं राहवत नाही.

काकी

---

लोणावळा
गुरुवार, १८ जुलै, दुपार

काकी,

सोबत पानं आहेत. लिहिलेली.

सोमवारी तुला नाही म्हणालो आणि त्याच संध्याकाळी बाजारातून बोरू आणि शाई आणली. तीन दिवस पानं खिशात घेऊन रुळांवरून फिरतोय. खोटारडा मी आधीपासूनच आहे, करवंदांपासून.

झऱ्याचे पाणी होई गढूळ । भेगा धरी डोंगरमूळ ।
तेव्हा जाणा आली वेळ । निघण्याची ॥

मांडीवरूनी उतरा आता । वाट नदीची धरा त्वरिता ।
मागे न पहावे जाता । तीन रात्री ॥

पहिलीचं यमक जरा लंगडं आहे, आबा नाक मुरडतील. कागद नवा वाटू नये म्हणून चहाच्या पाण्यातून काढून चुलीच्या धुरावर धर. गाठ त्यांच्याच हातानं सोडव.

मी आज देवाचं खोटं अक्षर काढलं. हात अजिबात कापला नाही, याचीच भीती वाटली. नऊ वर्षांचा असताना अशी ओवी कुणी लिहिली असती तर बापू वेळेत खाली गेला असता, असंही वाटलं.

घाटात दगड सुटायला लागलेत, आमच्या सगळ्या रजा बंद झाल्या आहेत. मला यायला मंगळवार उजाडेल. तोवर खाली उतरा.

अमृत

---

खालच्या गावची शाळा
सोमवार, २२ जुलै

चि. अमृत,

आम्ही उतरलो. अकरा घरं, त्रेचाळीस माणसं, म्हशी, शेळ्या, कोंबड्या. शाळेच्या दोन वर्गांत आहोत. इथं एरवी रेंज असते, पण वीज गेल्यापासून तोही टॉवर बंद आहे. म्हणून परत सरुबाईच.

शनिवारी सकाळी आबांना म्हटलं, झरा गढूळ झालाय, आता तरी गाठ सोडा. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फडकं मांडीवर घेतलं, गाठीवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडं तोंड करून बसले. दिसत नसलं तरी मला वाटलं दिसतंय. मग सोडली. सगळी वाडी ओसरीवर जमली होती. मी वाचलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

वाचून झाल्यावर त्यांनी पान हातात घेतलं, नाकाशी धरलं, कपाळाला लावलं. म्हणाले, "ऐकलं न्हवं समद्यांनी? चला. भाकरीचं पीठ घ्या, बाकी ऱ्हाऊ द्या." देवळात गेले आणि दिवा स्वतः फुंकून विझवला. बायका रडायला लागल्या. ते नाही रडले.

एवढं झालं, तू जिंकलास म्हणायचं. पण आता वेगळंच उभं राहिलंय. शनिवार, रविवार, आजची रात्र धरली की तीन होतात. डोंगर जागच्या जागी आहे. कालपासून ऊनही पडतंय मधूनमधून. लोक बोचकी बांधायला लागलेत. रखमाजी सगळ्यांत पुढं. "पोथीनं तीन सांगितल्या, आपण तीन काडल्या. उद्या सकाळी वर." मी म्हटलं, अजून थोडं थांबू. तर मलाच म्हणाला, "काकी, तुमीच वाचलं न्हवं? तीन म्हंजी तीन."

तीन का लिहिलंस, अमृत? त्याला काही आधार होता का? होता असं लवकर कळव, नाही तर मी काय सांगू ते सांग.

काकी

---

लोणावळा
सोमवार, २२ जुलै

काकी, काकी,

आधार काही नाही. चौथ्या चरणात चार अक्षरं कमी पडत होती, आणि लहानपणापासून ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत तीनच असतात, म्हणून तीन. सात सुचलं असतं तर सात लिहिलं असतं. डोंगराला हे माहीत नाही!

ऊन पडलंय म्हणून फसू नका. पाऊस थांबल्यावरच दगड सुटतात, आम्ही दर वर्षी बघतो. आत मुरलेलं पाणी अजून उतरतंय.

सगळ्यांना खरं सांग. ओवी मी लिहिली, पानं कोरी होती, कागदाला चहा लावला. माझं नाव घे. आबांनी मला मारावं, वाडीनं तोंड बघू नये, चालेल. कुणालाही वर जाऊ देऊ नकोस. रखमाजीच्या पाया पड, माझ्या वतीनं पड. आज आमच्या टप्प्यात दोन ठिकाणी दरड आली आहे, मला हलता येत नाही. परवानगी मिळाली की त्याच क्षणी निघतो.

आठवतं, मी विचारलं होतं ना, त्यातल्या एखाद्या शब्दानं कुणाचं वाईट झालं तर कुणाला विचारायचं? आता कळलं कुणाला.

अमृत

---

खालच्या गावची शाळा
गुरुवार, २५ जुलै

चि. अमृत यास तुझ्या आबाचा, सखारामचा, आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहितो आहे. मास्तरांनी काळा जाड पेन दिला आहे, त्यानं मोठं लिहिलं की मला अंधुक दिसतं. सात-आठ कागद लागतील. येसूला सांगितलं नाही. ती रखमाजीच्या कस्तुराबाईजवळ बसली आहे.

डोंगर काल बुधवारी दुपारी चार वाजता आला. आधी धूर दिसला, आवाज मागून आला. देऊळ गेलं, आपलं घर गेलं, खालच्या अंगाची चार गेली. तिथं आता नुसता तांबडा उतार आहे. शाळेच्या ओट्यावरून लोकांनी बघितलं आणि मला सांगितलं. मला दिसलं नाही, ते बरं.

सोमवारी येसूनं तुझं पत्र मला वाचून दाखवलं. घाबरत घाबरत, माझे पाय धरून. मी म्हटलं, "उठ. मला ठावं हाय." तिला वाटलं मला भ्रम झाला. म्हणून आता दोघांनाही सांगतो.

माझ्या वडिलांनी पोथी माझ्या स्वाधीन केली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर गाठ सोडली आणि कोरी पानं दाखवली. म्हणाले, लिहिणाऱ्याला पुढचं संकट दिसलं नव्हतं, ज्याला दिसेल तो लिहील. मला तेव्हा राग आला होता. इतकी वर्षं मी ते कुणाला बोललो नाही. शेवटची पानं कोरी आहेत हे ज्याला माहीत असतं, तो बाकीच्या पानांना जास्तच घट्ट धरून बसतो. तुझ्या बापाच्या उशाशी मी तसाच बसलो होतो. भीतीनं. मला वाटायचं, वाचणं थांबवलं की तो जाईल. वाचता वाचताच तो हातचा गेला. त्यानंतर पोथी खरी की खोटी, हे मी स्वतःला विचारलं नाही. उत्तर काहीही आलं असतं तरी मला झेपलं नसतं. साहेबांना "दिवा जळतोय" म्हणालो तेही भीतीनंच.

तर शनिवारी येसू वाचायला लागली तेव्हाच मला कळलं, कुणी लिहिलंय. दुसरं कोण लिहिणार? वर देवीच्या पानाला चहाचा वास. मी पोथीवर विश्वास ठेवून उतरलो नाही, अमृत. जो पोरगा कशावरच विश्वास ठेवत नाही, तो इतका घाबरला की पोथी लिहायला बसला, एवढा दाखला मला पुरला. एकदा मी तीन दिवस थांबलो होतो. परत थांबायचं नव्हतं.

तुझ्या रेल्वेच्या पुस्तकात लाल झेंडीचा नियम आहे असं येसूनं सांगितलं. तो कुणी लिहिला, हे तू विचारलं नसशील. कुणीतरी घाबरूनच लिहिला असणार. आपली "मांडी माझी"ची ओवीही अशाच कुणीतरी भ्यालेल्या माणसानं लिहिली असेल, लोक डोंगर सोडून पळत होते म्हणून. मला आता तसं वाटतं. खात्री नाही.

मंगळवारी सकाळी सगळे निघाले. मी दारात उभा राहिलो. तू लिहिलंस तसं खरं सांगायचं म्हणून तोंड उघडलं. पण ओवी खोटी म्हटली असती, तर भेगही खोटी धरून त्रेचाळीस माणसं त्याच घटकेला वर चढली असती. म्हणून मीही खोटं बोललो. म्हटलं, एक पान चिकटलेलं होतं, ते काल सुटलं. त्यात आहे, झरा निवळल्याबिगर परत फिरू नका. बाकीचे थांबले. रखमाजी थांबला नाही. म्हणाला, "आबा, पयल्या पानात तीन हाय, ते समद्यांनी ऐकलं. दुसरं कुणीच ऐकलं न्हाई. मी ऐकलं त्ये मानतो." मी त्याचा हात धरला होता. त्यानं सोडवून घेतला, हळूच, म्हाताऱ्याचा सोडवावा तसा. त्याची गाभण म्हैस वर राहिली होती. तो वर गेला आणि तिथंच राहिला. मंगळवारी संध्याकाळी त्याच्या घरातून चुलीचा धूर दिसत होता म्हणे.

अजून सापडला नाही. माणसं खणतायत.

त्याला एकट्याला बाजूला घेऊन खरं सांगितलं असतं तर तो थांबला असता का? मला माहीत नाही. हे मला आता मरेपर्यंत विचारत बसावं लागणार, आणि तुलाही. तू लिहिलंस म्हणून बेचाळीस माणसं आहेत, आणि तू लिहिलंस म्हणून एक नाही. यातलं एकच धरून दुसरं सोडता येणार नाही. मी करून बघितलंय, बापूच्या वेळी.

पोथी मी बरोबर आणली आहे. उरलेली पाच पानं कोरीच आहेत. कधी काळी परत लिहायची वेळ आली, तर आकडा घालू नकोस.

आणि लवकर ये. कस्तुराबाई रडत नाही. सकाळपासून माझ्याजवळ येऊन एकच विचारते, "आबा, पोथीत तीनच रात्री व्हत्या न्हवं? त्यांनी काय मोडलं न्हाई न्हवं?" पोथी खरी की खोटी हे तिला विचारायचंच नाही. तिचा माणूस शब्दाला जागला का, एवढंच तिला हवंय. मी म्हणतो, व्हय बाई, जागला. ती जाते आणि परत येते.

पुढचं तिला तू सांग. माझ्यानं होत नाही.

सखाराम